मूळ वास्तूतील चूक

"जेवल्यावर दात कोरता का?"

पुण्यात खोली भाड्याने मागायला जाणाऱ्याला घरमालक काय काय विचारतात, त्याची उत्तरं मी अमरावतीहून निघतानाच पाठ करून ठेवली होती. लग्न झालंय का, मांसाहार करता का, मित्र किती येतात, गाणी ऐकता का आणि ऐकत असाल तर कशाला. दातांचा प्रश्न त्यात नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"कधीच नाही? काही अडकलं तर?"

"चूळ भरतो."

हे उत्तर त्यांना पसंत पडलं असावं, कारण किल्ली लगेच माझ्या हातात आली. "आधीचे भाडेकरू लातूरचे होते," ते म्हणाले. "माणूस सज्जन. पण एकदा जेवण झाल्यावर ताजमहालाच्या मिनारातली काडी उपसून दात कोरत बसले. मी त्यांना आठ दिवसांची मुदत दिली."

मी समजल्यासारखी मान हलवली. खरं तर मला काहीच समजलं नव्हतं. समजलं ते हॉलमध्ये पाऊल टाकल्यावर.

कर्वेनगरातल्या त्या बैठ्या घराच्या हॉलमध्ये बसायला एकच खुर्ची होती आणि तीही त्यांची. बाकी जागेत ताजमहाल होता, गोलघुमट होता, गेटवे ऑफ इंडिया होता, पिसाचा मनोरा होता आणि अजून ज्यांची नावं मला माहीत नव्हती असे दोन-तीन राजवाडे होते. सगळं दात कोरायच्या काड्यांचं. तोंडात जाते ती दातकोरणी आणि इमारतीत जाते ती काडी, असा त्यांचा भेद होता. हा भेद न पाळणाऱ्या माणसाशी ते पुढे बोलत नसत.

एक काडी म्हणजे पंधरा फूट, हे त्यांचं माप. ते माप कोणासाठीही बदलायचं नाही. "प्रत्येकाला वेगळं माप लावलं की मग प्रत्येक जण मोठा दिसतो," असं ते म्हणत. आयफेल टॉवर करायला घेतला तेव्हा हिशोबाने तो चौदा फुटांच्या आसपास भरला आणि घराचं छत आडवं आलं. दुसऱ्या कोणी टॉवर लहान केला असता. यांनी त्याचे दोन भाग केले. खालचा अर्धा हॉलच्या दाराशी उभा केला आणि वरचा अर्धा स्वयंपाकघरात, मालकीणबाईंच्या, म्हणजे काकूंच्या, ओट्याशेजारी. आलेले पाहुणे आयफेल टॉवरच्या चार पायांच्या मधे चपला काढून ठेवत. काकू वरच्या अर्ध्याच्या टोकाला चहाची गाळणी अडकवत. त्यावरून त्यांच्यात दर आठवड्याला एकदा वाद होई आणि गाळणी तिथेच राही.

काका एका सरकारी कचेरीत आरेखक होते. म्हणजे इंजिनियरने ठरवायचं आणि यांनी त्याचे नकाशे काढायचे. बत्तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सोसायटीचे चिटणीस होतात. यांनी रविवार पेठेतून काड्यांचा खोका आणला.

सकाळी सातला वर्तमानपत्र पसरून त्यावर काड्या ओतायच्या, डोळ्याला भिंग लावायचं आणि एकेक काडी काचेवर लोळवून बघायची. सरळ लोळली तर पास, डगमगली तर नापास. शंभरातल्या साठ तरी नापास होत. त्या नापास काड्या काकूंच्या वाट्याला जात आणि काकू त्यांनी ढोकळा शिजला का ते बघत, विडे टोचत, उरलेल्या शेजारी वाटत. आमच्या गल्लीत कोणाच्याही घरी जेवायला गेलं तरी शेवटी काकांनी नापास केलेली काडीच हातात पडायची.

देश खुला झाला, बाहेरचा माल येऊ लागला, याबद्दल तेव्हा सगळे आपापल्या परीने बोलत होते. कोणाला त्यात प्रगती दिसे, कोणाला गुलामगिरी. काकांचं मत स्वतंत्र होतं. "पूर्वी आपल्याकडच्या काड्यांत सरळ काडी शोधावी लागायची," ते म्हणत. "आता चीनची येते. दोन्हीकडे टोक. पिसाचा मनोरा उदारीकरणाशिवाय झाला नसता." समोरच्या बंगल्यातला मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा त्याने त्यांच्यासाठी पुदिन्याच्या वासाच्या काड्या आणल्या. त्यांनी त्या नाकाजवळ धरल्या, बाजूला ठेवल्या आणि दोन महिन्यांनी त्यांचं व्हाइट हाउस केलं. पुढे वर्षभर आमच्या हॉलमध्ये टूथपेस्ट सांडल्यासारखा वास येत होता.

हे सगळं छंद म्हणून खपून गेलं असतं. पण काका नुसत्या प्रतिकृती करत नव्हते, ते चुका दुरुस्त करत होते.

पिसाचा मनोरा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओळखलाच नाही, कारण तो सरळ होता. ओळंबा लावून तपासलेला, केसाएवढाही न कललेला. मी म्हटलं, "काका, हा तर कललेला असते ना?"

"असतो. अमरावतीला असते, पुण्यात असतो," ते म्हणाले. "आणि तिथे कललेला आहे, कारण त्यांनी पाया नीट घेतला नाही. मी घेतला आहे."

प्रत्येक प्रतिकृतीच्या पायाशी एक छोटी पाटी होती, नकाशावर असतं तशा टापटीप अक्षरांत: 'मूळ वास्तूतील चूक येथे दुरुस्त केली आहे.' गेटवे ऑफ इंडियाला त्यांनी दोन दारं आणि कडी बसवली होती, कारण नुसत्या भोकाला गेट म्हणणं त्यांना पटत नव्हतं. ताजमहालाचा घुमट डब्याच्या झाकणासारखा उचलता यायचा. आत मुमताजची कबर बरोबर मधोमध आणि शाहजहानची नंतर कशीबशी बाजूला कोंबलेली, असं मुळात आहे म्हणे. काकांनी मुमताजला अर्धी काडी सरकवून दोघांना सारखी जागा दिली होती. पाटी नव्हती ती फक्त व्हाइट हाउसला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "चूक इमारतीत नाही."

भाडेकरूंना ते गावाच्या नावाने हाक मारत. लातूर गेले, मी अमरावती झालो. "अहो अमरावती, नळ नीट बंद करा." मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो आणि माझ्या कामाबद्दल त्यांना फार कुतूहल होतं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो असं मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले. "आणि सापडल्यावर?"

"वर कळवतो. मग ते ठरवतात, दुरुस्त करायची की राहू द्यायची."

"राहू द्यायची?" ते म्हणाले आणि उठून आत गेले.

काकूंनी मला नंतर एकदा कांदेपोहे देता देता एक गोष्ट सांगितली. नोकरीत असताना काकांच्या टेबलावर एका शाळेचा नकाशा आला होता. जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच पडत होती. त्यांनी वर दाखवलं. वरचे म्हणाले, तुम्ही रेघा ओढायला आहात, तेवढ्या ओढा. त्यांनी ओढल्या. शाळा झाली. "मग रे, कितीतरी दिवस कचेरी सुटल्यावर हे त्या शाळेपाशी जाऊन उभे राहायचे," काकू म्हणाल्या. "पोरं सातव्या पायरीला बरोबर अडखळायची. एकाचा दात पडला तर घरी येऊन जेवले नाहीत." मला त्या दिवशी पहिल्यांदा काकांचं हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ लागलं, कारण त्यांनी कुतुबमिनाराच्या आवारातल्या लोखंडी खांबाला गंज लागू नये म्हणून त्याला वॉर्निश लावायला घेतलं होतं, आणि तो खांब दीड हजार वर्षं मुळीच गंजलेला नाही हे माझं म्हणणं त्यांना मान्य नव्हतं.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो.

आमच्या कंपनीत तेव्हा प्रत्येकाचा जीव एका शब्दात अडकलेला होता: ऑनसाइट. म्हणजे अमेरिकेला पाठवणी. दर तीन महिन्यांनी यादी लागे. घरी आई फोनवर 'जेवलास का' विचारायच्या आधी 'यादी लागली का' विचारत असे. अमरावतीत माझ्यासाठी दोन मुली बघून ठेवल्या होत्या आणि दोन्हीकडून निरोप एकच होता, की मुलगा अमेरिकेला जाऊन आला की बोलू. तेव्हा साहेबांच्या नजरेत भरण्यासाठी मी काहीही करायला तयार होतो. साहेब पुण्याचेच, नारायण पेठेतले. मराठी त्यांना येत होतं, पण ऑफिसात आठवत नसे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते म्हणाले की अमेरिकेहून क्लायंटची माणसं येणार आहेत आणि लॉबीत काहीतरी 'एथनिक' ठेवायला हवं. मी लगेच काकांचं नाव पुढे केलं. आपल्या ऑफिसची इमारत, हुबेहूब, काड्यांची! साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कंपनीत खांद्यावर हात आणि यादीत नाव यांचं जवळचं नातं होतं.

काकांना आजवर कोणी काही करून मागितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "खरंच मागितलंय? का गंमत करताय?" मग आतल्या दिशेने ओरडून म्हणाले, "अहो, ऐकलंत का, ऑर्डर आली!"

साहेबांना प्रतिकृती निदान पाच फूट हवी होती. काका म्हणाले, इमारत साठ फूट उंच आहे, म्हणजे चार काड्या. दहा इंच. "पण गेटवे ऑफ इंडिया तर याहून उंच दिसेल," मी रडवेला होऊन म्हटलं. "आहेच," काका म्हणाले.

ते स्वतः मोजमाप घ्यायला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली, हातात फीत. दुपारभर त्यांनी पायऱ्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, सुरक्षारक्षकाला बाजूला सरकवून त्याच्या मागची भिंत मोजली. मग मागच्या जिन्यात शिरले ते बराच वेळ बाहेर येईनात. हा जिना आग वगैरे लागली तर पळायला केलेला होता. प्रत्येक मजल्यावर हिरवा दिवा आणि बाण. आम्ही घरच्यांशी फोनवर बोलायला तिथे जायचो.

मी शोधत खाली गेलो. काका शेवटच्या पायरीवर बसले होते. समोर भिंत होती.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"भिंत."

"ते मला दिसतंय. दार कुठंय?"

दार होतं पूर्वी. नंतर बाहेरच्या बाजूला जनरेटर बसवला, तेव्हा ते विटांनी बुजवून टाकलं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना सहज सांगितलं तसं. काकांनी वर पाहिलं, चार मजले, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "किती माणसं बसता वर?"

"चारशे."

घरी परतताना रिक्षात त्यांनी फीत गुंडाळली, उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

पुढचा महिनाभर मी त्यांच्या मागे लागलो. काका, जशी आहे तशी करा. काका, हे पिसा नाही, माझी नोकरी आहे. काका, यादी त्याच आठवड्यात लागणार आहे हो. ते काडी लोळवत राहत आणि "हं" म्हणत. मी त्या "हं"चा मला हवा तो अर्थ घेतला. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी प्रतिकृती चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो, तर त्यांनी चादर वर करू दिली नाही. म्हणाले, धूळ बसेल.

लॉबीत रांगोळी होती, सनईची कॅसेट होती, फेटे बांधलेल्या आमच्याच टेस्टिंगच्या पोरी होत्या. पाहुण्यांची प्रमुख एक उंच, साध्या बुटातली बाई होती. साहेबांनी तिच्यासमोर काकांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि चादर दूर केली. टाळ्या झाल्या. खरोखर सुरेख काम होतं. काचेच्या प्रत्येक तावदानाची चौकट बरोबर होती. आणि मागच्या बाजूला, जिन्याखाली, अर्ध्या काडीचं एक दार होतं. जनरेटर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला होता. पायाशी पाटी होती.

बाईंनी वाकून सगळीकडून पाहिलं. मग पाटीवर बोट ठेवून विचारलं, "इथे काय लिहिलं आहे?"

साहेबांना त्या क्षणी मराठी आठवलं. त्यांनी पाटी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझा व्हिसा होता, विमानाचं तिकीट होतं आणि अमरावतीच्या दोन्ही मुली होत्या. मी इंग्रजीत म्हणालो, "लिहिलंय, पुण्यात आपलं मनापासून स्वागत आहे."

"किती छान," बाई म्हणाल्या.

"मॅडम," मागून आवाज आला. शाल पांघरलेले, नारळ पोटाशी धरलेले काका एक पाऊल पुढे आले होते. बत्तीस वर्षं सरकारी फायलींत मुरलेल्या इंग्रजीत ते म्हणाले, "या तरुणाने केलेलं भाषांतर चुकीचं आहे. मूळ वास्तूत एक चूक आहे आणि ती इथे दुरुस्त केली आहे, असा त्या मजकुराचा अर्थ होतो. चूक मागच्या जिन्याखाली आहे. आपली इच्छा असल्यास मी दाखवतो. आधी वर जाऊन चार मजले उतरावे लागतील आणि परत चढावेही लागतील, कारण खाली बाहेर पडता येत नाही."

बाई गेल्या. साहेब गेले. मीही गेलो. भिंतीसमोर आम्ही सगळे एका रांगेत उभे राहिलो आणि बाईंनी विटांवर बोटाने टकटक करून पाहिलं.

यादी लागली. माझं नाव नव्हतं. संध्याकाळी मी काकांच्या खुर्चीसमोर उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. पिसाचा मनोरा सरळ करून तुम्हाला काय मिळालं, तुम्ही आयुष्यभर रेघा ओढल्यात तशाच याही ओढायच्या होत्या, असंही बोललो. हे बोलायला नको होतं, हे मला बोलतानाच कळत होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"अमेरिका कुठे जात नाही," काका हळू आवाजात म्हणाले. "त्या जिन्यात तुम्ही रोज आईशी फोनवर बोलता ना?"

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दोन महिने आमच्यात नळाविषयीसुद्धा बोलणं झालं नाही. काकू मधल्या मधे निरोप पोचवत.

दरम्यान कंपनीने जनरेटर हलवला. बाईंनी परत जाऊन कडक पत्र पाठवलं होतं म्हणे. भिंत फोडली, नवं दार बसवलं. साहेबांनी त्याचा फोटो कंपनीच्या पत्रिकेत छापला, 'सुरक्षिततेला आमचं प्रथम प्राधान्य' अशा मथळ्याखाली. पत्रिका मी घरी नेली आणि न बोलता काकांच्या खुर्चीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बघायला मिळेल का?"

त्यांना आत घ्यायचं नाही अशी ताकीद होती. म्हणून एका रविवारी आम्ही इमारतीला मागून वळसा घालून गेलो. रक्षक माझ्या ओळखीचा होता. काका त्या दारासमोर उभे राहिले. त्यांच्या काड्यांनी जगातली एवढी एकच इमारत खरोखर बदलली होती, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता तरी हा माणूस खूश होईल.

त्यांनी हँडल दाबलं, दार ढकललं आणि पुन्हा ओढून घेतलं. मग पुन्हा ढकललं.

"आत उघडतंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे वरून चारशे माणसं धावत आली की पहिला माणूस दार ओढणार आणि मागचे त्याला दारावर दाबणार. उघडणार नाही ते. बाहेर उघडायला हवं. मी बाहेर उघडणारं केलं होतं." त्यांनी दार पुन्हा ओढून घेतलं. "अहो अमरावती, आता माझं कोणी ऐकणार नाही. मला तर आत यायचीही बंदी आहे."

पुढच्या शुक्रवारी नवी यादी लागायची होती आणि तिच्यात माझं नाव नक्की आहे, असं मला साहेबांच्या सेक्रेटरीने सांगितलं होतं. हे मी काकांना सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी साहेब येऊन बसायच्या आत मी त्यांच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिलो. ते आले, त्यांचा चहा आला, तसा मी आत गेलो.

"साहेब, मागच्या दाराबद्दल बोलायचं होतं."

साहेबांनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. "पुन्हा त्या म्हाताऱ्याने पाठवलं का तुला?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "मीच आलोय."